विमानप्रवासाची भीती आणि प्रवासाआधीची धास्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानाची भीती म्हणजे नेमकी कशाची भीती?

ती सगळ्यांची सारखी नसते, आणि उपाय निवडण्याआधी आपली भीती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखावे लागते. काहींना विमान कोसळेल अशी भीती वाटते. काहींना विमानाबद्दल शंका नसते, पण एकदा दार बंद झाले की मध्येच उतरता येणार नाही, या विचारानेच त्यांचा जीव गुदमरतो. ही मंडळी बहुधा लिफ्ट, लांब बोगदा आणि एमआरआयचे यंत्रही टाळतात. तिसरा गट आपल्याच शरीराला घाबरणाऱ्यांचा असतो. सगळ्यांसमोर चक्कर आली, छातीत धडधडू लागले, ओरडावेसे वाटले तर काय होईल, ही त्यांची चिंता असते. पहिल्या गटाला विमान कसे चालते याची माहिती खरोखर उपयोगी पडते. उरलेल्या दोन गटांना ती फारशी पडत नाही, त्यांनी घाबरल्यावर काय करावे या प्रश्नाकडे थेट गेले तरी चालेल. मानसोपचारात या त्रासाची नोंद विशिष्ट भयगंडात होते आणि उपचारांना चांगला प्रतिसाद देणाऱ्या त्रासांपैकी हा एक आहे.

प्रवासाला अजून आठ-दहा दिवस आहेत, पण झोप आत्ताच उडाली आहे. असे का होते?

अनेकांना प्रत्यक्ष उड्डाणापेक्षा आधीचे दिवसच जड जातात. त्याचे मुख्य कारण असे की या दिवसांत निर्णय पक्का झालेला नसतो. तिकीट काढलेले असते, पण मनात एक दार उघडे ठेवलेले असते: फारच वाटले तर रद्द करू. जोवर हे दार उघडे आहे तोवर मन दर तासाला त्याच्यापाशी जाऊन उभे राहते, जावे की न जावे याचा नव्याने हिशेब मांडते, आणि त्यासाठी धोक्याचा पुरावा शोधत राहते. मग रात्री एक वाजता हवामानाचे ॲप उघडले जाते, त्या मार्गावरचे विमान नकाशावर कुठे पोचले ते पाहिले जाते, आणि शेवटी अपघातांच्या चित्रफिती. यातून मिळणारा दिलासा पाच-दहा मिनिटे टिकतो आणि पुन्हा तपासण्याची गरज आधीपेक्षा वाढते.

म्हणून पहिली गोष्ट करावी ती ही, की जायचे आहे की नाही याचा निर्णय एकदाच, दिवसा, शांतपणे घ्यावा आणि घरच्यांना सांगून टाकावा. त्यानंतर धास्ती वाटली तरी ती निर्णय बदलण्याचे कारण मानू नये. चिंता करायचीच असेल तर संध्याकाळची वीस मिनिटे तिच्यासाठी राखून ठेवावीत, वहीत लिहून काढावी, आणि इतर वेळी ती आली की 'संध्याकाळी' असे म्हणून हातातले काम पुढे चालू ठेवावे. हे ऐकायला पोरकट वाटते, पण चिंतेला हाकलण्यापेक्षा तिला वेळ नेमून देणे कितीतरी सोपे जाते.

दुसरी गोष्ट विचारांच्या मांडणीची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठी वाचकांना प्रामुख्याने मुंबईतील मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित आहे. इच्छा आणि हट्ट यांत फरक करायला ही पद्धती शिकवते. 'विमान सुखरूप पोचावे अशी माझी तीव्र इच्छा आहे' हे विधान कोणाही शहाण्या माणसाचे असू शकते. 'काहीही होणार नाही याची मला आधीच हमी मिळालीच पाहिजे' हा हट्ट मात्र कोणताच प्रवास पुरवू शकत नाही, आणि झोप उडवणारा असतो तो हाच. बहुतेक लोक या भीतीला विमानाची भीती समजतात. प्रत्यक्षात ती अनिश्चितता सहन न होण्याची तक्रार असते. घरातून रेल्वे स्थानकापर्यंत जाताना तीच अनिश्चितता आपण रोज विनातक्रार सहन करतो.

मनात सारखी पाल चुकचुकते आहे. हा काही संकेत असेल का?

ज्याला विमानाची भीती आहे त्याच्या मनात प्रत्येक प्रवासाआधी पाल चुकचुकते, आणि प्रवास सुखरूप पार पडल्यावर ती चुकचुकली होती हे तो विसरून जातो. अपघातग्रस्त विमान एखाद्याचे योगायोगाने चुकले की त्याची बातमी होते. अशुभ वाटूनही जे नीट पोचले, त्यांची कधीच होत नाही. तेव्हा या भावनेला संकेत न मानता धास्तीचे एक लक्षण मानावे. हातावर दही-साखर घेऊन, देवाला नमस्कार करून निघण्यात अर्थातच काही वावगे नाही. फक्त तो नमस्कार सतरा वेळा करावासा वाटू लागला तर ती श्रद्धा उरलेली नसून चिंतेने लावलेली सवय असते.

अहमदाबादच्या अपघातानंतर विमानात बसण्याचे धाडस होत नाही. ही भीती अवास्तव कशी म्हणता येईल?

ती अवास्तव म्हणू नये. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि विमानातील २४२ पैकी २४१ जणांचा मृत्यू झाला. ज्या वस्तीवर ते पडले तिथलेही लोक गेले. त्या दिवसाची दृश्ये प्रत्येक फोनवर पोचली. अशा घटनेनंतर भीती वाटणे हे मन ताळ्यावर असल्याचेच लक्षण आहे.

प्रश्न आहे तो धोका किती आहे याचा. त्याआधीचे भारतातील प्रवासी विमानांचे मोठे अपघात आठवायचे झाले तर २०२० चा कोळिकोड आणि २०१० चा मंगळूर येथील अपघात सांगावे लागतात. या काळात देशात रोज शेकडो, आणि पुढे पुढे हजारो, विमाने उडत आणि उतरत होती. उलट २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, आणि मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गावर २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी दोन हजारांहून अधिक. सुटलेली लोकल धावत पकडणारा माणूस विमानाच्या पायरीवर थबकतो, याचे कारण आकडे त्याला ठाऊक नाहीत हे नसून लोकल त्याच्या सवयीची आहे आणि तिथे दाराशी आपण उभे आहोत, म्हणजे काहीतरी आपल्या हातात आहे, असे त्याला वाटते, हे आहे.

मात्र आकड्यांनी भीती जाते अशी अपेक्षा ठेवू नये. आकडे निर्णय घेताना उपयोगी पडतात. छातीतली धडधड त्यांचे ऐकत नाही.

विमान हवेत हादरते तेव्हा ते खाली पडू शकते का?

हवेचे प्रवाह एकसारखे नसतात. तापलेल्या जमिनीवरून वर येणारी हवा, डोंगरांवरून वाहणारा वारा, ढग आणि उंचावरील वेगवान प्रवाह यांमुळे टर्ब्युलन्स निर्माण होतो. दादर किंवा कुर्ल्याच्या अलीकडे लोकल रूळ बदलते तेव्हा उभ्या प्रवाशांना हिसके बसतात, पण गाडी रूळ सोडते आहे असे कोणी समजत नाही. हवेतील हिसके साधारण त्याच पंक्तीत बसवावेत. शेकडो फूट खाली आलो असे वाटते तेव्हा उंचीतला फरक बहुधा त्याच्या अगदी लहानशा अंशाइतका असतो. पंखांची टोके वर-खाली होताना दिसतात ती तशी व्हावीत म्हणूनच बनवलेली असतात. सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार रचना पेलते हे सिद्ध केल्याशिवाय विमानाला प्रमाणपत्र मिळत नाही.

धोका असतो तो पट्टा न बांधलेल्या माणसाला. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला जबरदस्त हादरे बसले, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. विमान मात्र बँकॉकला नीट उतरले. यातून घ्यायचे ते इतकेच, की पट्टा बांधण्याची सूचना देणारा दिवा विझला तरी बसलेले असताना पट्टा सैलसर का होईना बांधलेला ठेवावा. हादरे कमी जाणवावेत असे वाटत असेल तर पंखांजवळची जागा घ्यावी, शेपटीकडची टाळावी, आणि जमीन तापण्याआधीचे सकाळचे विमान निवडावे.

उड्डाणानंतर इंजिनाचा आवाज अचानक कमी होतो. इंजिन बंद पडले असे समजावे का?

नाही. उड्डाणासाठी लागणारी जादा शक्ती जमिनीपासून साधारण हजार-पंधराशे फुटांवर वैमानिक ठरल्याप्रमाणे कमी करतात. वेगवाढ मंदावते तेव्हा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या अवयवाला विमानाचे नाक खाली झुकल्याचा भास होतो, त्यामुळे पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात विमान वरच चढत असते. त्याआधी ऐकू येणारा धप्प आवाज चाके आत घेतल्याचा असतो आणि नंतरची घरघर पंखांच्या मागच्या झडपांची. भारतात मोठ्या संख्येने असलेल्या एअरबस ए-३२० जातीच्या विमानात जमिनीवर असताना कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालवल्यासारखा आवाज कधीकधी येतो. तो हायड्रॉलिक यंत्रणेचा आहे. उतरल्यावरची मोठी गर्जना वेग कमी करण्यासाठी इंजिनाचा झोत उलट दिशेला वळवल्याची असते.

मुंबईपुरते आणखी दोन प्रसंग आधीच माहीत असलेले बरे. पश्चिमेकडे उडालेले विमान जुहूचा किनारा ओलांडून क्षणात समुद्रावर येते आणि तिथे वळताना चांगलेच कलते; खिडकीतून एकदम फक्त पाणी दिसते. पूर्वेकडून उतरताना घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्त्या इतक्या जवळ दिसतात की छपरांना चाके लागतील असे वाटते. दोन्ही रोजचेच आहे.

दोन्ही इंजिने बंद पडली तर?

एक इंजिन बंद पडले तरी उड्डाण पूर्ण करून सुरक्षित उतरता यावे ही दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाची मूलभूत अट आहे, आणि वैमानिक त्याचा सराव सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा करतात. दोन्ही बंद पडणे अतिशय दुर्मीळ. तेव्हाही विमान दगडासारखे पडत नाही, तर तरंगत खाली येते. ३५ हजार फुटांवरून ते साधारण दीडशे किलोमीटर जाऊ शकते, आणि मुंबई-पुणे हे सरळ रेषेतील अंतर त्याहून कमी आहे. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्झॅटचे इंधन संपलेले विमान अटलांटिक महासागरावरून असेच तरंगत अझोर्स बेटांवर उतरले आणि सर्व प्रवासी वाचले. जमिनीपासून थोड्याच उंचीवर मात्र हा अवधी मिळत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पावसाळ्यात मुंबईहून प्रवास टाळावा का?

भीतीची तीव्रता फार असेल आणि तारीख आपल्या हातात असेल, तर पहिला प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवावा. पण जून-जुलैमध्ये जावे लागले तर काय घडू शकते ते जाणून घ्यावे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे वाहतूक मुख्यतः एकीवरूनच चालते. पावसाने दृश्यमानता घटली की विमाने आकाशात घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहतात. कधी धावपट्टी जवळ आलेली असताना विमान एकदम पूर्ण शक्तीने पुन्हा वर उचलले जाते. याला गो-अराउंड म्हणतात. प्रवाशांच्या काळजात धस्स होते, आणि कॉकपिटमध्ये कामे इतकी असतात की घोषणा व्हायला दोन-चार मिनिटे लागतात. ती शांतता संकटाची नसते. उतरणे मनासारखे जुळत नसेल तर न उतरण्याचा हा निर्णय असतो. पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल इतके आणि त्यावर आणखी तीस मिनिटांचे राखीव इंधन बाळगणे बंधनकारक असते, त्यामुळे अहमदाबाद, गोवा किंवा हैदराबादला विमान वळवले गेले तर गैरसोय होते, इतकेच.

विमानातच पॅनिक अटॅक आला तर काय करावे?

आधी काय होते ते समजून घ्यावे. मेंदूने धोक्याची घंटा वाजवली की शरीरात ॲड्रेनलिन पसरते, हृदय जोरात चालते, हातपाय थंड पडतात, श्वास उथळ होतो, आणि आता आपण मरणार किंवा वेडे होणार असे वाटू लागते. ही लाट साधारण दहा मिनिटांत शिखराला पोचते आणि मग ओसरते. ती कायम वाढत राहू शकत नाही, कारण शरीर थोड्याच वेळात आपोआप शांत होऊ लागते. अटॅकच्या वेळी रक्तदाब बहुधा वाढलेला असतो, त्यामुळे बेशुद्ध पडण्याची शक्यता कमी असते, जरी चक्कर येते आहे असे सतत वाटले तरी. हृदयविकार असलेल्यांनी, किंवा छातीत दुखणे ज्यांना नवीन आहे त्यांनी मात्र ही समजूत स्वतःची स्वतः घालू नये. प्रवासाआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

लाट आली की तिच्याशी झुंजणे ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत निरुपयोगी कृती आहे. हाताच्या मुठी आवळून, डोळे मिटून 'घाबरायचे नाही' असे घोकणारा माणूस मेंदूला उलट हेच सांगत असतो की धोका खरा आहे. त्याऐवजी मुठी उघडाव्यात, खांदे खाली सोडावेत, पाय जमिनीला पूर्ण टेकवावेत. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. महत्त्व सोडण्याला आहे, घेण्याला नाही, आणि खोल श्वासांचा सपाटा लावला तर गरगरणे वाढतेच. हे घरी रोज पाच मिनिटे, पंधरा दिवस आधीपासून केलेले असावे. तीस हजार फुटांवर प्रथमच करून पाहिलेला प्राणायाम कामाला येत नाही. मनातल्या मनात जे होते आहे त्याचे वर्णन करावे: छाती धडधडते आहे, तळवे ओले आहेत, मनात येते आहे की दार उघडावे. सोबत हातातले काम, मग ते शब्दकोडे असो की शेजाऱ्याशी बोलणे, अडखळत का होईना चालू ठेवावे.

केबिन क्रूला विमानात शिरतानाच सांगून ठेवावे: 'मला विमानाची भीती वाटते.' यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. असे प्रवासी त्यांना रोज भेटतात, आणि लपवण्याचा ताण गेला की निम्मा त्रास कमी झालेला अनेकांना जाणवतो.

गुदमरण्याची भीती असणाऱ्यांसाठी एक माहिती: केबिनमधील हवा दर दोन-तीन मिनिटांनी पूर्ण बदलते, आणि तिचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून थोडा वर. तिथे कोणाचा श्वास कोंडत नाही.

कोणी मध्येच दार उघडले तर?

उंचावर असताना आतील दाब दाराला चौकटीत इतक्या जोराने दाबून धरतो की माणसाच्या ताकदीने ते उघडत नाही.

झोपेची किंवा चिंता कमी करणारी गोळी घ्यावी का?

मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून दिली असेल तरच. नातेवाइकाने वा मित्राने दिलेली अल्प्राझोलामची गोळी खिशात घालून निघण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे आणि ती चुकीची आहे. या जातीच्या गोळ्यांवर मद्य घेतले तर श्वसन धोकादायकरीत्या मंदावू शकते. हृदयाची धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे दमेकऱ्यांना चालत नाहीत. शिवाय १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की अल्प्राझोलाम घेऊन उडालेल्यांना त्या दिवशी बरे वाटले, पण आठवड्याने गोळीविना उडताना त्यांना इतरांपेक्षा अधिक त्रास झाला. श्रेय गोळीला गेले, की 'मी हे निभावू शकतो' हे मेंदू शिकतच नाही. एखाद्या अटळ, लांबच्या प्रवासासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी ठीक. नेहमीचा मार्ग म्हणून नाही. मद्याबद्दल तर बोलायलाच नको: देशांतर्गत विमानांत ते मिळत नाही, आणि विमानतळावर घेऊन चढलेल्याची धास्ती नशा उतरताना दुपटीने परतते.

प्रवासाच्या दिवशी मुंबईत काय सांभाळावे?

तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल आदल्या दिवशीच पाहावे. सांताक्रूझकडील टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ यांमधील अंतर रस्त्याने गर्दीच्या वेळी भलतेच लांबते, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटतात. शक्य असेल तर मेट्रो ३ घ्यावी. दोन्ही टर्मिनलना तिची स्थानके आहेत आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकण्याची धाकधूक त्यामुळे टळते. देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास, परदेशासाठी तीन तास आधी पोचणे पुरे. पाच तास आधी जाऊन बसणारे लोक सुरक्षितपणापेक्षा भीतीलाच जास्त वेळ देतात.

उपाशीपोटी निघू नये. रिकाम्या पोटाची थरथर आणि भीतीची थरथर शरीराला वेगळी ओळखता येत नाही. पोहे किंवा उपमा खावा, चहा एकच घ्यावा.

घरच्यांनी किंवा सहप्रवाशाने कसे वागावे?

'त्यात काय घाबरायचे' हे वाक्य टाळावे. 'काही होणार नाही ना?' या प्रश्नाला एकदा शांतपणे उत्तर द्यावे. विसाव्यांदा दिलेले उत्तर चिंतेला खतपाणी घालते. अशा वेळी 'तुला भीती वाटते आहे हे दिसते आहे, आपण श्वास मोजू' असे म्हणावे. पोचल्याचा फोन एक पुरतो. बोर्डिंग झाले का, बसलास का, सुटले का असे मिनिटामिनिटाला येणारे संदेश घरच्यांची काळजी कमी करतात आणि प्रवाशाची वाढवतात.

मुलीच्या बाळंतपणासाठी आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला जाणार आहेत आणि आई फार घाबरली आहे. काय करावे?

बरेचदा या वयात भीती विमानापेक्षा विमानतळाची असते: इंग्रजीत काही विचारले तर, मध्ये विमान बदलताना चुकामूक झाली तर, शौचालयाचे दार उघडता आले नाही तर. यावर उपाय सरळ आहेत. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागावी, चालता येत असले तरी. कर्मचारी इमिग्रेशनपासून पुढच्या गेटपर्यंत सोबत नेतात. मुलीचा पत्ता, फोन आणि प्रवासाचे कारण इंग्रजीत छापून कागद पर्समध्ये द्यावा. जमल्यास आधी गोव्याचा किंवा नागपूरचा एक छोटा विमानप्रवास घडवावा. बॅगेतील लोणची-भाजणीची चर्चा अवश्य होऊ द्यावी. ती केल्याने आईचे लक्ष चांगले गुंतते.

उपचार कोणते आहेत आणि मुंबईत कुठे मिळतात?

बोधनिक वर्तनोपचार (विचार आणि वागणूक दोन्ही बदलायला शिकवणारा उपचार) आणि त्यातील क्रमाक्रमाने भीतीला सामोरे जाण्याची पद्धत सर्वांत परिणामकारक मानली जाते. विमानाचे फोटो पाहणे, आवाज ऐकणे, विमानतळावर जाऊन परतणे, मग छोटे उड्डाण, अशा पायऱ्या आखल्या जातात आणि प्रत्येक पायरीवर धास्ती आपोआप उतरेपर्यंत थांबले जाते. काही ठिकाणी आभासी वास्तवाचा चष्मा वापरूनही हे करतात. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. प्रथम नुसते बोलायचे असेल तर केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येते.

सरळ रेल्वेने गेले तर काय बिघडले?

गोव्याला जनशताब्दीने जावेसे वाटले तर काहीच नाही. बदली, परदेशातील शिक्षण, भावाचे लग्न अशा गोष्टी भीतीमुळे हातच्या जाऊ लागल्या की बिघडते. टाळले की त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेचीच मेंदू नोंद घेतो.

एक प्रवास नीट पार पडला. पुढच्या वेळी भीती परत येईल का?

थोडी येईल, आणि आली म्हणून आधीचे सगळे वाया गेले असे समजू नये. उतरल्यावर त्याच दिवशी दोन ओळी लिहून ठेवाव्यात: काय होईल असे वाटले होते आणि काय झाले. पुढचा प्रवास दोन-तीन महिन्यांच्या आत ठरवावा, कारण वर्षभराच्या खंडानंतर धास्ती पुन्हा घट्ट होते. दर वेळी एक आधार कमी करावा: पहिल्यांदा सोबत कोणी असेल तर दुसऱ्यांदा ती व्यक्ती दोन रांगा मागे बसू दे, तिसऱ्यांदा एकट्याने जावे.